व्हाइटनरखालचं नाव

हेमा,

काल तुझ्या मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज मी भरला. किशोर म्हणाला, शैलाताई, मला त्या खिडकीसमोर बसवत नाही, तुम्हीच करा. तुझा हा भाऊ चिकूच्या वाडीत उन्हातान्हात राबेल, पण कागद म्हटला की मागच्या दाराने सटकतो, हे तुला माहीतच आहे. तेव्हा अर्जदार मी. 'अर्जदाराचे मृताशी नाते' असा रकाना आला. खाली यादी होती: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण, इतर. मी 'इतर' निवडलं. इतर म्हणजे कोण, हे लिहायला जागाच नव्हती. तू असतीस तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली असतीस की यांना उत्तर नकोच आहे, रकाना भरलेला हवाय. मी पत्त्यापर्यंत पोचले आणि 'तुमचे सत्र संपले आहे' असं येऊन सगळं पुसलं गेलं. मग दुसऱ्यांदा भरलं. मला रडू आलं ते दुसऱ्यांदा भरताना. ते तुझ्यासाठी आलं की त्या फॉर्मच्या संतापाने, हे काही मला सांगता येणार नाही.

तुला जाऊन तीन आठवडे झाले. लोक येतात, बसतात, तू किती हुशार होतीस ते मला सांगतात. जणू बोर्डीच्या शाळेत एका बाकावर तुझ्या शेजारी दुसरंच कोणी बसायचं. मी मान डोलावते. हुशारीबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे आणि ती तुझ्याचपाशी करायची आहे, म्हणून हे लिहिते आहे.

२०१४ साली तू मुंबईची नोकरी सोडून चिखल्याला आईजवळ राहायला आलीस, तेव्हा मी डहाणूच्या एका सरकारी कार्यालयात कारकून होते. तुझी नोकरी काय होती हे मला तू तीनदा समजावलंस तेव्हा कळलं. फोटोच्या आत दुसरी माहिती अशी दडवून ठेवायची, की बघणाऱ्याला फोटोच दिसावा आणि ज्याला ठाऊक आहे त्यालाच आतलं वाचता यावं. मी म्हणाले, म्हणजे चोरीचा धंदा. तू म्हणालीस, चोर पकडायचा. मग वाडीतली पेटी दाखवून म्हणालीस, "वर मोठे चिकू रचून खाली बारके भरतात, तेही लपवणंच. आणि फळ डागाळू नये म्हणून गवतात लपवतात, तेही लपवणंच. माणसाचं काम हलकं करायला लपवावं, शैले. माणसाला अंधारात ठेवायला नाही."

हे वाक्य लक्षात ठेव. पुढे मी ते तुझ्या अंगावर टाकणार आहे.

आमच्या कार्यालयात तेव्हा मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज नुकताच ऑनलाइन झाला होता. तो ज्याने केला त्याने बहुतेक आयुष्यात एकही अर्ज भरला नसावा. एकाच पानावर एवढे रकाने, की बघूनच माणसाला घेरी यावी. कागद घेऊन आलेली बाई रांगेतून परत जायची आणि मी कपाळाला हात लावायचे. तू एकदा माझा डबा द्यायला आलीस आणि दोन तास काउंटरमागे बसून राहिलीस. निघताना साहेबांना म्हणालीस, मी हा फॉर्म परत करून देते, फुकट. फुकट म्हटल्यावर साहेबांनी फार चौकशी केली नाही.

मग तू तुझी ती जगावेगळी पद्धत सुरू केलीस. फॉर्ममधला एकेक प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा आणि तलासरीच्या आठवडी बाजारात गोणपाट टाकून बसायचं. मी शेजारी, तोंडावर पदर ओढून, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. बाजाराला आलेल्या बायामाणसांना तू बोलवायचीस आणि चिठ्ठ्या वाचायला द्यायचीस. ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवायचीस. ज्या चिठ्ठीवर बोट थांबलं किंवा कपाळाला आठी पडली, तिच्यावर एक चिंचोका ठेवायचा. बाजार उठला की ज्या चिठ्ठीवर सगळ्यात जास्त चिंचोके, तिच्यावर आधी काम. 'कायमचा पत्ता' या चिठ्ठीवर ढीग झाला होता. एका म्हातारबाबांनी तुला विचारलं होतं, "कायमचा म्हणजे मेल्यावरचा काय, बाय?" तू हसली नाहीस. तू चिठ्ठी फाडून नवीन लिहिलीस: 'पावसाळ्यात तुम्ही कुठे राहता?' कारण कामासाठी बाहेर गेलेली माणसं लावणीला घरी येतात. एवढी वर्षं सरकारात काढून मला हे सुचलं नव्हतं.

तू एका वेळी एकच प्रश्न दाखवणारा फॉर्म केलास. पुढचा प्रश्न लागणार असेल तरच दिसायचा, नाहीतर लपलेला राहायचा. सगळ्या केंद्रांवरच्या ऑपरेटरांना तू डहाणूला बोलावून शिकवलंस. तेव्हाच पावतीची युक्तीही शिकवलीस. पावतीच्या तळाशी 'ही पावती जपून ठेवा' वगैरे दोन ओळींची सूचना असते, ती कोणीही वाचत नाही. त्यातल्या शब्दांमधली अंतरं तू किंचित कमीजास्त केली होतीस. पट्टी लावून मोजलं की पावती कोणत्या केंद्रावर, कोणत्या वारी निघाली ते कळायचं. खोट्या पावत्या सापडायला लागल्या होत्या, त्यावर हा उपाय. तू ऑपरेटरांना पट्ट्या वाटल्यास आणि शाळेतल्या बाईंसारखी त्यांची मोजमापं तपासत फिरलीस. मला सगळ्यात आधी जमलं, हे मी अजून सगळ्यांना सांगते.

आता ती लाल पट्टी.

एकच मुलगी दोन केंद्रांतून अर्ज करायची, एकदा आपल्या गावातून आणि एकदा मामाच्या गावातून, म्हणजे कुठेतरी नंबर लागेल. त्यामुळे दोन जागा अडायच्या. म्हणून तू नियम घातलास की मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली तर दुसरा अर्ज घ्यायचा नाही. गाव तू मुद्दाम धरलं नाहीस, कारण घोळ गावामुळेच होत होता. अर्ज जुळला की पडद्यावर लाल पट्टी यायची: 'हा अर्ज आधीच आला आहे.' ती पट्टी बघितली की बायका कागद टाकून पळायच्या. एकीने मला विचारलं, आता पोलीस येतील का?

मी तुला म्हणाले, पट्टी काढून टाक. दुसरा अर्ज आतल्या आत पहिल्याला जोडून दे आणि पावती काढ, लोकांना कळायची गरज काय? तू दोन दिवस वाद घातलास. निदान ऑपरेटरला तरी दिसू दे, म्हणालीस. मी म्हणाले, ऑपरेटर गावभर बोंब मारेल, तुला काउंटरवरचं काय कळतंय, तिथे मी बसते. हे शेवटचं मी जरा टोचूनच म्हणाले. तू पट्टी काढलीस. माझ्या माहितीत तू कोणाचं ऐकून माघार घेतलीस ती तेवढी एकदाच.

आपण दोघी इथेच जन्मलो आणि इथेच वाढलो. पाड्यांवर मंगळवारी जन्मली ती मंगली आणि शुक्रवारी जन्मली ती शुक्री, हे आपल्याला ठाऊक. अख्ख्या पाड्याला एकच आडनाव असतं, हेही ठाऊक. आणि पहिलीत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात, हे तर माझ्या सख्ख्या नणंदेचंच उदाहरण. मुंबईचा कोणी असता तर त्याला माफ होतं. आपण दोघींनी मिळून ही चूक केली, यापेक्षा लाजिरवाणं काय असणार?

२०१६ च्या जुलैत तलासरीच्या डोंगराकडच्या एका पाड्यावरून लाडक्याभाऊ आले. बरोबर त्यांची मंगली, सातवी पास झालेली, आठवीला वसतिगृहात जायला निघालेली. पिशवीत तिचं ताट-वाटीसुद्धा होतं. यादीत मंगली होती, पण ती कैनाड गावची. तिच्याही वडिलांचं नाव लाडक्या, आडनाव तेच, जन्म एक जून. ती दोन दिवसांपूर्वीच येऊन राहिली होती. साहेबांनी लाडक्याभाऊंची पावती बघितली. नाव तेच आणि अर्ज क्रमांकही तोच. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, ही दुसऱ्याच्या पावतीची नक्कल आहे. लाडक्याभाऊंचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "कागद माझा आहे, शिक्का आहे. मग पोरीचं नाव कुठं गेलं, बाय?" ते हे मला विचारत होते, कारण काउंटरवर मी होते.

मी पावती हातात घेतली. मोजायची पट्टी माझ्या खणात होती. मला मोजता येत होतं, सगळ्यात आधी मलाच जमलं होतं. मी म्हणाले, हेमाताईंना विचारावं लागेल.

तू चिखल्याहून रिक्षाने आलीस. तू दोन्ही पावत्या शेजारी ठेवून मोजल्यास. एक डहाणूच्या केंद्रावरची सोमवारची, दुसरी तलासरीच्या केंद्रावरची गुरुवारची. "दोन्ही खऱ्या आहेत," तू साहेबांना म्हणालीस. "या दोन वेगळ्या मुली आहेत. फॉर्मने एकीला दुसरीत जोडलं आणि कोणालाच सांगितलं नाही." तुझी ती लपवलेली खूण आमच्यापैकी कोणी तपासायला जाणार नव्हतं. तू पावती नुसती परत केली असतीस, तर नकलेचा शिक्का त्या माणसावर राहिला असता आणि तुझा फॉर्म साफ सुटला असता. साहेबांनी विचारलं, सूचना दाखवायची नाही हे कोणाचं डोकं? मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते.

"माझं," तू म्हणालीस.

तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मग लाडक्याभाऊंकडे वळून, हात जोडून म्हणालीस, "दादा, चूक माझी आहे. तुमची नाही, पोरीची नाही."

नंतर आपण बस स्टँडवर गेलो आणि मी तुला विचारलं, लिंबू सरबत घेतेस का? एवढंच मला सुचलं. तू घेतलंस. पेला संपवून म्हणालीस, उद्या सूचना परत आणू, पण लाल नको. तुझं बोलणं लगेच कामाकडे वळलं म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. मी स्वतःला समजावलं की तू विसरलीस. तू शाळेतल्या पाढ्यांच्या चुकासुद्धा विसरत नव्हतीस.

जागा भरल्या होत्या, यादी बदलली नाही. मंगलीचं वर्ष गेलं. तू अर्ज केलेस, साहेबांच्या साहेबांकडे गेलीस, भांडलीस, पण काही झालं नाही. तेव्हापासून दर रविवारी तू आठवीची पुस्तकं घेऊन तलासरीची बस धरायचीस आणि पुढे जीपने पाड्यावर. मला दर शनिवारी विचारायचीस, येतेस का? माझं दर शनिवारी काही ना काही असायचं. पापड, पाहुणे, गुडघा. पुढच्या वर्षी मंगलीला जागा मिळाली, तेव्हा पेढा मात्र मी पहिला खाल्ला.

आणि तू फॉर्म सुधारलास. दोन अर्ज जुळले की आता ऑपरेटरसमोर दोघींचे फोटो शेजारी शेजारी येतात आणि वर साधा प्रश्न असतो: 'या दोन मुली आहेत की एकच?' आजपर्यंत तो प्रश्न बघून कोणी पळालं नाही. मी दोन दिवस तोंडाला तोंड देऊन भांडले त्याऐवजी तुला दोन दिवस विचार करू दिला असता, तर हा प्रश्न तेव्हाच आला असता.

आता माझी तक्रार. गेल्या वर्षी तू वाळत गेलीस आणि मला म्हणालीस, ॲसिडिटी आहे. मुंबईला तपासायला जायचीस आणि मला सांगायचीस, जुन्या कंपनीत शिकवायला बोलावलंय. मी तुला डबे पाठवत होते, तेही तिखट. माणसाला अंधारात ठेवायला लपवू नये, हे वाक्य तुझं ना? मग मला का ठेवलंस? हॉस्पिटलात तुला विचारलं तर म्हणालीस, "तुला कळलं असतं तर तू माझ्याशी भांडणं बंद केली असतीस."  यावरचं उत्तर मला आता सुचलंय, पण ऐकायला तू नाहीस. भांडले नसते हे खरं. पण एक गोष्ट सांगून टाकली असती.

तेराव्याला किशोरने मला तुझी वही दिली. फॉर्मची वही, जाड पुठ्ठ्याची. कार्यालयात लागेल म्हणाला. प्रत्येक प्रश्नाला एक ओळ: काय विचारलं, का विचारलं, काय लपवलं, कोणाच्या सांगण्यावरून, तारीख. तुझं ते मुंगीसारखं अक्षर. 'कोणाच्या सांगण्यावरून' या रकान्यात म्हातारबाबा आहेत, बाजारातली भाजीवाली आहे, तलासरीचा ऑपरेटर आहे. आणि मी जागोजागी आहे. शैला, शैला, शैला. जिथे जिथे काही बरं झालं तिथे तू माझं नाव टाकलंयस, अगदी मी जाता जाता बोललेल्या गोष्टींनासुद्धा. मी खुर्चीत बसून वाचत गेले आणि मला बरं वाटत गेलं, हे कबूल करते.

मग लाल पट्टीची ओळ आली. 'सूचना लपवली. कोणाच्या सांगण्यावरून: हेमा.' तुझ्या नावाखाली पांढरा थर होता. व्हाइटनर. मी पान खिडकीशी उजेडात धरलं. खाली दोन अक्षरं होती, ती माझ्या नावाची.

अगं, शब्दांच्या मधल्या जागेत अख्खा वार लपवणारी तू. तुला लपवायचंच असतं तर मला सात जन्मांत सापडलं नसतं. तू व्हाइटनर लावलंस, जे पहिलीतल्या पोरालाही नखाने काढता येतो. ती वही साहेब मागणार आहेत असं त्या आठवड्यात बोललं जात होतं, ते मला आता आठवतं. म्हणजे साहेबांपुरतं लपवलंस आणि माझ्यापुरतं उघडं ठेवलंस. की घाईत जे हाताला लागलं ते लावलंस, एवढंच? हा वाद आता मी एकटीच घालते, दोन्ही बाजूंनी.

गेल्या रविवारी मी डहाणूच्या वसतिगृहात गेले. मंगली आता दहावीत आहे. उंच झाली आहे, केस घट्ट बांधते, बोलते कमी. तू गेलीस हे तिला कळलं होतं. आम्ही पायरीवर बसलो. मी तिला सांगितलं, तुझं वर्ष गेलं ते हेमाताईंमुळे नाही. त्या नको म्हणत होत्या, मी हट्ट केला. आणि त्या दिवशी तुझ्या वडिलांची पावती खरी आहे हे मला मोजता येत होतं, मी मोजली नाही.

तिने पायरीवरचा पालापाचोळा गोळा करून बाजूला टाकला. मग तिने विचारलं, "मग तेव्हा का नाय बोललात?"

तुझ्या फॉर्ममध्ये अवघड प्रश्नाखाली तू एक पर्याय ठेवायचीस, 'सांगता येत नाही'. लोकांना तो असावा, म्हणायचीस. मला तो आठवला आणि हाताशीही होता. पण मला सांगता येत होतं.

"घाबरले," मी म्हणाले.

तिने मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. मग म्हणाली की बीजगणित अडलंय, ताई रविवारी यायच्या. मला बीजगणित कधी येत होतं, तूच माझी गणितं सोडवायचीस. मी तिला म्हणाले, मला येत नाही, पण शिकून येईन.

घरी येऊन वही उघडली. व्हाइटनर ब्लेडने खरवडायला गेले तर कागद फाटायला लागला, म्हणून थांबले. तुझं नाव तसंच ठेवलं. त्याच्या शेजारी जागा होती, तिथे निळ्या पेनाने शैला लिहिलं, आणि तुझ्या नियमाप्रमाणे पुढे त्या दिवसाची तारीख टाकली. वही उद्या साहेबांना देणार आहे. किशोरकडून तुझं दहावीचं बीजगणिताचं पुस्तक आणलंय. पहिल्या पानावर, आतल्या बाजूला, पेन्सिलीने तू लिहिलंयस की हे पुस्तक हरवल्यास शैलाला द्यावे.